तेरा तास चाळीस मिनिटं

बाबांनी तीस वर्षं बस चालवली आणि तीस वर्षांत लेट मार्क एकच. तोही पंक्चरमुळे, हे ते न विचारताच सांगतात. त्यामुळे वेळेच्या बाबतीत आमच्या घरात त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नाही.

ताई चार वर्षांनी येणार होती. नऊ हजार चारशे किलोमीटर, बारा तासांचा विमानप्रवास, सकाळी अकराला आगमन. बाबांनी तिकीट वाचलं आणि बाजूला सारलं.

"छापील वेळ! माझी सोडून छापील वेळेला आलेली गाडी मी अजून बघितली नाही. जायला तेरा तास चाळीस मिनिटं लागली होती, यायलाही तेवढीच लागणार. रस्ता तोच ना?"

"बाबा, वर वारा असतो. जाताना समोरून, येताना पाठीमागून."

"सायकल आहे का ती? इंजिन असतं त्याला."

पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय गाडीची किल्ली त्यांच्याच खिशात.

खरं तर या वेळी त्यांना उशीर परवडणारच नव्हता. ताई गेली तेव्हा बाबा सोडायला आले नव्हते. एवढ्या लांब जाऊ नको म्हणून महिनाभर धुसफुसले आणि त्या दिवशी सरळ ड्युटीवर निघून गेले. ती बिचारी आत जाईपर्यंत मागे वळून वळून बघत होती. तेव्हापासून फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे "बरी आहेस ना?" आणि "बरी आहे." म्हणून या खेपेला ती दारातून बाहेर पडेल तेव्हा समोर आपण उभं असायचं, हे बाबांनी पक्कं केलं होतं. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. चुरगळेल म्हणून खुर्चीला टेकतही नव्हते.

बाबांच्याच हिशेबाने विमानतळाकडे निघालो. अर्ध्या वाटेत माझा फोन वाजला.

"मी बाहेर आलेय," ताई म्हणाली. "कुठे आहात?"

बाबांनी एकामागोमाग सहा गाड्या मागे टाकल्या. असं त्यांना मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

ताई बॅगेवर बसून होती. आम्हाला बघून उठलीसुद्धा नाही.

"म्हणजे आजही नाहीच," ती बाबांना म्हणाली.

"चुकलं माझं." हे शब्द त्यांच्या तोंडून आमच्या घरात प्रथमच निघाले. "तेरा तास चाळीस धरले होते मी."

"ते कुठून काढलेत?"

"तू गेलीस तेव्हा तेवढे लागले. विमान उठलं तेव्हा घड्याळ बघितलं. पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा परत बघितलं."

"विमान उठलेलं तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर ड्युटीवर होतात."

बाबा उगाचच बॅगेचं हँडल वरखाली करू लागले.

"धावपट्टीच्या मागे कुंपण आहे," ते म्हणाले. "माझी बस तिथूनच जायची."

"आणि पॅसेंजर?" मी विचारलं.

"बसले होते गप. पंक्चर झालंय म्हणून सांगितलं."

ताई उठली आणि तिने बाबांना घट्ट मिठी मारली. दोघंही रडत होते, आणि मीही. शर्टाच्या इस्त्रीचं पार वाटोळं झालं.