तांबडीचा पाय

काकांनी मला घोडी मारायला बोलावलं होतं. मी जनावरांची डॉक्टर, त्यात पुतणी, म्हणजे फुकटची. निरोपही तसाच होता: "सुई घेऊन ये."

तांबडी तबेल्यात शेवटच्या खणात उभी होती. मागच्या पायाला, खुराच्या जरा वर, तार लागून जखम झाली होती. ती भरायची सोडून नुसती फुगली होती, लाल ओलं मांस कातडीच्या वर मुठीएवढं आलं होतं. घोड्यांच्या पायांना ही खोडच असते. आतलं मांस इतकं उतावीळपणे वाढतं की कडेच्या कातडीला वर चढायला वावच राहत नाही.

"सगळं करून झालं," काका म्हणाले. "रोज मोरचूद लावतोय. स्वतःच्या हातानं."

"कडेलासुद्धा?"

"चांगला चोळून. अर्धवट काम मला जमत नाही."

माझं डोकंच फिरलं. मोरचूद वरचं मांस जाळतो, खरंय. पण कडेनं नवी, पातळ कातडी येत असते, तीही जळते. घोडी रोज थोडी बरी होत होती आणि काका रोज ते पुसून टाकत होते. तेही मायेनं. आता मायेपुढे डॉक्टरनं कुठं कपाळ फोडायचं?

"मी सुई देणार नाही."

"घोडी माझी आहे."

"सुई माझी आहे. दुसरा डॉक्टर बोलवा. तो येईपर्यंत मी इथून हलत नाही."

"बापावर गेलीस. हट्टी मेली!"

"बाबा म्हणतात, काकांवर गेलीये."

मी पाय धुतला, ब्लेड काढलं. काकांनी माझं मनगट धरलं. "अगं, ती जागी आहे! लाथ घालेल."

"ह्या मांसाला दुखत नाही. तिचं तोंड धरा आणि बघा."

कातडीच्या पातळीपर्यंत मी कापत गेले. रक्त भळभळा वाहायला लागलं, काकांचा चेहरा पांढराफटक पडला. तांबडी मात्र गवत चघळत होती. एकदा शेपूट हलवली, तीही माशीसाठी.

"खरंच दुखत नाही की गं," काका पुटपुटले. जखमेकडे बघत म्हणाले, "मग मी औषध लावायचो, तेव्हा ती पाय का झटकायची?"

"कडेला दुखतं."

जरा गोड बोलून सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. काका घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडले आणि मला त्यांची दयाही आली, रागही आला, दोन्ही एकदम. मी पट्टी करकचून बांधली.

"ही मीच सोडणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

दर थोड्या दिवसांनी येऊन मीच पट्टी बदलत गेले. काही आठवड्यांनी शेवटची पट्टी सोडली, तेव्हा मांस सपाट होतं आणि कडेनं गुलाबी कातडी चांगली बोटभर आत सरकली होती. काका खणाच्या दाराशीच थांबले होते.

"येऊ का आत?" स्वतःच्याच तबेल्यात त्यांनी मला विचारलं.

"या. बघा."

ते आले, वाकले आणि बघता बघता त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.