आईच्या टाळ्या

थोरलीला सगळे थोरली म्हणत. धाकटं कोणी झालंच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्या आठवड्यात तिच्या डोक्यात नुसता जाळ होता. पुलांची ड्रॉइंगं करणाऱ्या तिच्या ऑफिसात विभागप्रमुखाची जागा निघाली होती. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "नदीवरच्या पुलाचं मुख्य काम कोणाचं?" त्या पुलापायी डोळे फोडून घेतलेली ही बया म्हणाली, "सगळ्यांनी मिळून केलं." शेजारच्या टेबलावरच्याने त्याच प्रश्नाला "माझं" म्हणून सांगितलं. जागा त्याला मिळाली.

घरी येऊन तिने पर्स आपटली. "तुम्ही दोघांनी वाट लावलीत माझी! मिरवू नये, मिरवू नये, दुसरं काही शिकवलंत? शाळेत पहिली आले तर शेजारी सांगूसुद्धा दिलं नाहीत!"

"पण पहिली आलीस ना? मग झालं तर," बाबा म्हणाले.

भिंतीवर डोकं आपटावं, असं तिला वाटलं.

आई-बाबा दोघंही हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. बाबा धुलाईच्या मोठ्या यंत्रांवर, आई घड्यांच्या टेबलाशी. नेमका त्याच शनिवारी हॉस्पिटलचा वार्षिक समारंभ होता. दोघं शेवटच्या रांगेत, अगदी दाराशी बसले; खाली यंत्र अडलं तर पटकन उठता यावं म्हणून. थोरली मध्ये बसून धुमसत होती.

संचालिकाबाई माइकवर आल्या. साथीच्या वॉर्डातल्या चादरी इतर कपड्यांत मिसळू नयेत, म्हणून कोपऱ्यात रंगीत टाका घालायची युक्ती ज्यांनी काढली, त्या लाँड्रीच्या नव्या सुपरवायझरांचा त्यांनी सत्कार जाहीर केला.

थोरली ताठ झाली. तो टाका आईने घरी, जुन्या चादरीवर, तिच्या डोळ्यांदेखत घालून बघितला होता. सुईत दोरा ओवून तिनेच दिला होता. आणि आता आई टाळ्या वाजवत होती. अगदी मनापासून.

"आई! टाळ्या काय वाजवतेस? ते तुझं आहे!"

"असू दे गं. चादरी मिसळत नाहीत ना आता?"

आपण कधी उभ्या राहिलो, ते थोरलीला कळलंच नाही. "ही युक्ती माझ्या आईची आहे!" तिचा आवाज चिरकला. "ती इथे मागे बसलीय."

सगळ्या माना वळल्या. सुपरवायझर बिचारा लालबुंद. त्याने माइक घेतला. "मी आलो तेव्हा टाके होतेच. माझं नाव पुकारलं, आणि नाही म्हणायला जमलं नाही." तो खाली उतरून फुलं घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत आला. आईने ती मळक्या चादरीसारखी अंगापासून लांब धरली.

घरी पोहोचल्यावर दार लागलं आणि आईचा भडका उडाला.

"चारचौघांत शोभा केलीस माझी! त्या माणसाचं तोंड बघितलंस?"

"मग खोटं चालू द्यायचं होतं?"

"मी कुठे खोटं बोलले?"

"गप्प बसलीस! तेही खोटंच."

"हो का?" आईने कमरेवर हात ठेवले. "मग तुझ्या ऑफिसात तुझी दातखीळ का बसली होती? ते काय होतं?"

आईचं बरोबर होतं, म्हणून तर थोरलीला जास्तच राग आला.

सोमवारी ती साहेबांसमोर उभी राहिली. "पूल सगळ्यांचा, हे खरंच. पण खांबांची आखणी माझी होती. एकटीची."

"अहो, मग हे तेव्हाच सांगायचं ना!" साहेब वैतागले. गेलेली जागा काही परत आली नाही. पण पुढच्या पुलाची जबाबदारी त्यांनी तिच्यावर टाकली. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की खांबांची मोजणी ज्या दोन मुलींनी केली, त्यांची नावंही ड्रॉइंगवर यायला हवीत. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले.

हे सांगायला ती उड्या मारत घरी आली, तर तिथे आई कावलेली.

"दुसऱ्या हॉस्पिटलातल्या बायका माझ्याकडे शिकायला येणार म्हणे! टाका तो टाका, त्यात शिकवायचं काय? आणि माझ्या घड्या कोण घालणार?"

बाबा तोंड फिरवून हसत होते.

"तुम्ही दात काढू नका," आई म्हणाली. "त्यांना यंत्रं तुम्हीच दाखवायची आहेत. तुमचंही नाव दिलंय मी."