मायाक्का बसेना

श्रीमंत पेंटरनं उभ्या आयुष्यात मेलेल्या माणसांचीच चित्रं काढली होती. सोलापुरातल्या बाळीवेशीत त्याचं दुकान. कुणाच्या घरी मयत झालं, की माणसं लग्नाच्या घोळक्यातला एखादा पुसट फोटो घेऊन यायची आणि तो त्यावरून तैलरंगात चेहरा उभा करायचा. पुढं मोबाइलवरच फोटो साफ करून देणारे आले आणि गिऱ्हाईक आटलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रियंकानं, त्याच्या मुलीनं, टॅब आणि पेन पाठवलं, टॅबवर चित्रं काढायला शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गात नावही घातलं.

पेन काचेवर घसरायचं. कॅनव्हास ब्रशला जरा अडवतो, इथं काहीच अडवत नव्हतं. चुकलेली रेघ बोट लावताच नाहीशी व्हायची, त्यानं तो आणखीच सैरभैर झाला. रेघ मारायची, पुसायची, पुन्हा मारायची. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर फिरत राहायची.

"अवो, भाकरी गार झाली की," बायको मायाक्का म्हणायची.

शेवटी जुना फोटो समोर ठेवून त्यानं मायाक्काचंच चित्र पुरं केलं आणि वर्गात दाखवायला पाठवलं. रविवारी शिकवणारी अंकिता पडद्यावर आली. तिनं चित्र मोठं करून पाहिलं, जरा अडखळली.

"काका, रंग फार सुंदर लावलेत. कातडीवरचा उजेड तर मला जमणार नाही असा. पण... स्पष्ट बोलू का?"

"बोला की, मॅडम."

"यांच्या फोटोला हार घालायचाच बाकी आहे, असं वाटतं. या कोण आहेत?"

"मालकीण हाय माजी." त्यानं स्वयंपाकघराकडं बोट केलं. "हितंच आत भांडी घासतीय."

अंकिता कानकोंडी झाली. सॉरी म्हणाली. त्यानं टॅब पालथा ठेवला.

दोन दिवस त्यानं पेनाला हात लावला नाही. पण अंकिताचं बोलणं डोक्यातून जाईना. दुकानात गेला, तर भिंतीवरची नमुन्याची तोंडं त्याच्याकडं एकटक बघत होती. सगळ्यांचे खांदे सारखे, सगळ्यांचे ओठ मिटलेले. आपण बायकोलाही त्यांच्यात नेऊन बसवलं, हे त्याला तिथं दिसलं. शटर ओढून तो भरदुपारी घरी आला.

"मायाक्का, हितं माज्यापुढं बस जरा."

"आता? डाळ शिजतीय, कपडे वाळत घालायचेत."

"पाच मिन्टं."

ती बसली, पदर नीट केला, फोटोला बसतात तशी ताठ झाली. त्यानं चेहरा काढायला घेतला आणि पुन्हा तेच मिटलेले ओठ उमटले. एवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती ताडकन उठली. तो टॅब घेऊन मागोमाग गेला. ती वाकली, त्यानं पाठ काढली. ती वळली, अर्धं राहिलेलं टाकून त्यानं मान काढली. दोरीवर लुगडं झटकताना पाणी काचेवर उडालं, ते बाहीनं पुसून तो काढत राहिला.

"अवो, येडं लागलं का? वाटेतनं सरा!"

"तू तुजं काम कर. थांबू नको."

तिला हसू आलं. हसता हसता तिनं ओलं लुगडं त्याच्या अंगावर येईल असं झटकलं. तेवढं त्यानं कसंबसं चित्रात पकडलं. हात दुखायला लागला होता.

रविवारी अंकितानं ते चित्र पाहिलं.

"कोपर चुकलंय, काका. लुगड्याचा रंगही गढूळ झालाय." मग ती पडद्याजवळ आली. "पण या आता कुणाला तरी ओरडणार आहेत, हो ना?"

"मलाच," श्रीमंत म्हणाला. "कोपर दुरुस्त करून धाडू?"

"नको. दुसरं काढा."

वर्ग संपला. मायाक्कानं त्याच्या खांद्यावरून वाकून चित्र पाहिलं. नाक मुरडलं.

"माजं नाक असलं हाय व्हय? आन् केस किती इस्कटल्यात!"

"तशीच दिसतीस तू."

"कवापासनं?"

श्रीमंतनं पुन्हा चित्रातल्या कोपराकडं पाहिलं. तिचं कोपर नेमकं कसं वाकतं, हे त्याला अजूनही कळलं नव्हतं. मायाक्कानं पिशवी घेतली आणि मंडईला म्हणून ती निघाली. तोही उठला, टॅब काखेत मारला आणि चपला नीट न अडकवताच तिच्यामागं जिना उतरला.