कोणाची टरकलीय?

बाविसाव्या मजल्याच्या गच्चीवर मी उभी होते. कालपर्यंत मीही समोरच्या पाच जणांसारखी बाहेरून काचा पुसायचे. आजपासून त्यांची मुकादम. कठड्यापलीकडे दोरांवर टांगलेली आमची फळी वाऱ्याने भिंतीवर आपटत होती.

आधीच्या मुकादमाला आम्ही वाघदादा म्हणायचो. फळीवर उतरण्याआधी ते रोज ओरडायचे, "कोणाची टरकलीय का रे?" सगळे खो खो हसायचे. 'हो' म्हणायची कोणाची टाप होती? महिन्याभरापूर्वी त्यांच्याच फळीचा दोर सुटला. खाली फक्त त्यांची टोपी धड सापडली.

आता पाचही जण हसायच्या तयारीत माझ्या तोंडाकडे बघत होते. वाघदादांचं तेच वाक्य माझ्याही ओठांवर आलं, आणि मला स्वतःचीच चीड आली.

"माझी टरकलीय," मी म्हणाले. "आणखी कोणाची?"

कोणीच हसलं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या काकांनी हळूच हात वर केला.

"डावीकडची गाठ मला सैल वाटतेय, पोरी."

मी जाऊन गाठ ओढली. ती सरळ सुटून माझ्या हातात आली. फळीचं डावं टोक खाली लोंबकळलं.

"बरं झालं बोललात, काका."

काका कठड्याला धरून मटकन खाली बसले.

"त्या दिवशीही वाटली होती," ते म्हणाले. "पण वाघाने विचारलं, आणि मी हसलो."