सुनीतीबाईंनी कमी करून घेतलेली मर्यादा

मी क्रेडिट कार्ड आहे. हो, तेच! ज्याचं नाव काढलं की बिबवेवाडीतल्या सभ्य घरांत लोक आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "नको रे बाबा, त्या नादाला लागू नकोस." माझ्यापायी किती जण बुडाले ते मला कुणी सांगू नये, मला ठाऊक आहे. पण माझी गोष्ट उधळ्या माणसाची नाही. मला जिवापाड जपून वापरणाऱ्या एका बाईचं माझ्यामुळे कसं वाटोळं झालं, ते मला सांगायचंय.

एका कारखान्यात प्लास्टिकच्या पत्र्यातून मला कापलं, चिप बसवली, नाव छापलं आणि पाकिटात घालून पाठवून दिलं. दार उघडलं वासंतीबाईंनी. या माझ्या मालकिणीच्या, सुनीतीबाईंच्या, आई. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. कुरिअरवाल्याला म्हणाल्या, "सही कुठे करायची तिथे बोट ठेव बाबा, नाहीतर तुझ्या हातावरच करीन." मला हे घर लगेच आवडलं.

घरात माणसं दोनच. सुनीतीबाई शाळेत गणित शिकवतात, लग्न केलेलं नाही, आणि तळमजल्यावरच्या त्याच भाड्याच्या घरात आईसोबत कैक वर्षं राहतात. माझ्या पाकिटातलं पत्र वाचून त्यांचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या थेट बँकेत गेल्या.

"दोन लाखांची मर्यादा? मी मागितली होती का?"

काउंटरवरचा योगेश चक्रावला. "मॅडम, लोक वाढवून मागतात."

"लोकांचं लोक बघतील. माझी चाळीस हजार करा."

"अहो, पण असू द्या ना. वापरायलाच हवी असं थोडंच आहे?"

"अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं वडिलांनी शिकवलंय. तुम्ही अंथरूणच वाढवून देताय. अर्ज द्या इकडे."

झाली माझी मर्यादा चाळीस हजार. खरं सांगतो, तेव्हा मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं होतं. अशी माणसं हल्ली मिळतात कुठे?

मग माझा खरा संसार सुरू झाला. वासंतीबाईंना दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागे आणि ते भलतंच महाग. ते माझ्यावर. पाठोपाठ औषधं, वाणसामान, विजेचं बिल. बिल तयार व्हायच्या दिवशी मी अगदी काठोकाठ भरलेला असे. पगार झाला की सुनीतीबाई सगळी रक्कम एकदम भरून टाकत. एकही तारीख चुकली नाही, बँकेला व्याजाचा एक पैसा मिळाला नाही. देवाला नैवेद्य दाखवावा तितक्या नेमाने हे चालायचं.

आता त्यांना काय माहीत नव्हतं, ते ऐका. बिल तयार झालं की बँक माझी खबर लोकांचे क्रेडिट स्कोअर ठेवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवते. मर्यादा किती आणि त्यातली वापरली किती. पैसे वेळेवर भरले हेही जातं, नाही असं नाही. पण माझी खबर दर महिन्याला एकच असायची: चाळीस हजारांपैकी अडतीस हजार. वाचणाऱ्याला वाटणार, ही बाई गळ्यापर्यंत उधारीत आहे! हेच अडतीस हजार दोन लाखांपैकी म्हणून कळवले गेले असते, तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. मला हे कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? पर्समध्ये पडून मी नुसता जळत होतो.

एवढी इंजेक्शनं देऊनही वासंतीबाईंची दृष्टी गेलीच; उजेड-अंधार तरी कळत राहावा म्हणून इंजेक्शनं मात्र चालूच राहिली. पण त्या घरात त्यांचं काही अडलं नाही. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जात, आपला चहा आपण करत, फाटकाशी उभं राहून भाजीवालीशी भांडत. "तू जा गं शाळेत," त्या लेकीला म्हणत, "हे घर मला पाठ आहे."

आणि एके दिवशी लोणी काळभोरहून घरमालक रावसाहेब आले. माणूस चांगला. "ताई, भावाला वाटा द्यायचाय, घर विकावं लागतंय. पहिला मान तुमचा हाय. पण महिन्याच्या आत बँकेचं कर्ज मंजूर झाल्याचं पत्र दाखवा."

सुनीतीबाई गृहकर्जाला गेल्या. समोर अक्षता नावाची तरुण अधिकारी होती. तिने संगणकात पाहिलं आणि जरा अवघडली. "मॅडम, स्कोअर कमी पडतोय. एवढं कर्ज बसणार नाही."

"माझा? मी आजवर कुणाचं रुपयाचं देणं ठेवलेलं नाही!"

"ते दिसतंय. पण दुसरं कर्ज तुम्ही कधी घेतलेलंच नाही, त्यामुळे सगळं या एका कार्डावर ठरतंय. आणि त्याच्या मर्यादेचा पंचाण्णव टक्के वापर दिसतो. तिसेक टक्क्यांच्या आत असता तर प्रश्नच नव्हता."

"मर्यादा मीच कमी करून घेतली होती. मोह नको म्हणून."

अक्षता हळूच म्हणाली, "पुन्हा वाढवून घ्या. आणि बिल यायच्या आधीच थोडे पैसे भरत जा. दोन-तीन महिन्यांत स्कोअर सुधारेल."

"शेकडेवारी मी सातवीला शिकवते हो," सुनीतीबाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे दोन-तीन महिने नव्हतेच. घाबरून त्यांनी आणखी तीन बँकांत अर्ज केले. प्रत्येकीने स्कोअर तपासला आणि त्या तपासण्यांनी तो आणखी खाली आला. दुष्काळात तेरावा महिना! रावसाहेबांना फोन केला तर तेही कळवळले. "मी थांबलो असतो वो ताई. पण भाऊ थांबत न्हाई, गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात बसलंय."

घर गेलं. आता आम्ही धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्याच आठवड्यात वासंतीबाई दाराच्या चौकटीवर आपटल्या, कपाळाला टाके पडले. तेव्हापासून त्या पलंगावरून उठत नाहीत. सुनीतीबाई शाळेतून येईपर्यंत तिथेच बसून असतात.

बाबांनो, मला शिव्या द्या, पण मला समजून घ्या. मर्यादा मोठी असली म्हणून माणूस उधळा होत नाही, आणि ती कापून घेतली म्हणून जगाला तो शहाणा दिसत नाही. निदान वर्षातून एकदा तरी बघा, तुमच्याबद्दल काय कळवलं जातंय ते.

माझी मर्यादा पुन्हा दोन लाख झाली आहे. स्कोअरही झकास आहे. काल संध्याकाळी सुनीतीबाईंच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला: अभिनंदन! आपण गृहकर्जासाठी पात्र आहात.

"कुणाचा गं?" वासंतीबाईंनी विचारलं.

"कुणाचा नाही, आई. जाहिरात आहे."

"बरं. मग जरा हात दे. मला केव्हाचं बाथरूमला जायचंय."