विकतची लेफ्से

गेलन हॉगनने चौतीस वर्षं एकच काम केलं. दुसऱ्याच्या चुकीने मोडलेल्या माणसांची बाजू कोर्टात मांडायची. गाडीखाली आलेले, शिडीवरून कोसळलेले, यंत्रात बोटं गेलेले, सगळे त्याच्याकडे. मिनेसोटातल्या त्या जिल्ह्यात लोक त्याला 'जखमांचा वकील' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पण स्वतःची पाठ मोडली की त्याच लोकांचा पहिला फोन त्यालाच येई.

समोरचा वकील हा त्याचा खरा वैरी कधीच नव्हता. वैरी होती आपल्याच माणसांची जीभ. नॉर्वेहून आलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं, पाय तुटला तरी म्हणणार, "तसं बरंय, चालायचंच." कुरकुर करणं म्हणजे यांच्या लेखी चारचौघांत लाज सोडणं.

आर्डिस बर्गुम तर या सगळ्यांवर कडी. वय एकाहत्तर. दोन हिवाळ्यांपूर्वी ती लाल दिव्यापाशी थांबली असताना एका मालट्रकने तिच्या गाडीला मागून धडक दिली. मानेतली नस दबली, उजवा खांदा वर जाईना, हाताला बधिरपणा आला. ट्रकवाल्या कंपनीचं म्हणणं, म्हातारपणाची दुखणी आमच्या गळ्यात मारताय. निकाल देणाऱ्या ज्युरीतल्या सहा पंचांना तिचं दुखणं खरं वाटणार की नाही, एवढ्यावर खटला अडला होता.

गेलनने आठवडाभर तिच्या स्वयंपाकघरात बसून तिची तयारी करून घेतली होती.

"आर्डिसबाई, कशा आहात विचारलं तर काय सांगायचं?"

"दुखतं म्हणून."

"शाब्बास. किती दुखतं?"

"आता, या वयात दुखतंच की माणसाला. तू अजून केक घे बघू, कर्ता माणूस, नुसती हाडं राहिलीत."

आणि कोर्टात व्हायचं तेच झालं. कंपनीची वकील डाना प्रेस्कॉट शहरातून आलेली, केसाने गळा कापणारी बाई. उठली, हसली आणि म्हणाली, "बर्गुमबाई, आज कशा आहात?"

"अगदी छान! तुम्ही?"

गेलनने डोळे मिटून घेतले.

डानाने मग डॉक्टरांच्या अकरा नोंदी वाचून दाखवल्या. अकराही ठिकाणी तेच: रुग्ण म्हणते, बरं आहे.

"डॉक्टरांशी तुम्ही खोटं बोललात का?"

"छे, खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे बरंच होतं."

"अहो, बाहेर केवढी माणसं ताटकळलेली असतात. त्यांचा वेळ कुठे खायचा?"

"आभारी आहे," डाना म्हणाली आणि बसली. पंच आपापल्या हातांकडे पाहत होते.

आता गेलनची पाळी. त्याच्या वहीत एकोणीस प्रश्न तयार होते, बाईला रडवतील असे. त्याने ते वाचले आणि त्याला आपली आई आठवली. "पोटात वारा धरलाय, दुसरं काही नाही," असं म्हणत ती गेली होती. परक्यांच्या तोंडून दुखणं वदवून घेणाऱ्या या पठ्ठ्याने आईला मात्र कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. त्याचं त्याला अजून वाईट वाटे. त्याने वही मिटली.

उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हे या धंद्यातल्या नवशिक्यालाही कळतं. गेलनने तो विचारला.

"आर्डिसबाई, डिसेंबरात चर्चच्या तळघरात जेवण असतं. तिथे लेफ्से कुणाची असते?"

लेफ्से म्हणजे बटाट्याची पोळी. मांड्यासारखी पातळ, परातीएवढी, लांब काठीवर उचलून तव्यावर उलटायची. ती हातचीच असणं हा इथल्या घरांचा मान.

"माझीच की. एक्केचाळीस वर्षं झाली."

"गेल्या डिसेंबरात?"

"नेली होती."

"तुम्ही केलेली?"

आर्डिसने डाव्या हाताने उजवा हात झाकला.

"विकतची," ती म्हणाली.

पंचांतल्या पांढऱ्या केसांच्या बाईने छातीवर हात ठेवला. तिच्या शेजारचा शेतकरी मान खाली घालून बुटांकडे बघू लागला. डाना निवांत कागद चाळत होती; त्या शहरातल्या बाईला काय घडलं याचा पत्ताच नव्हता.

"दुकानातून आणली नि माझ्या फडक्यात गुंडाळली," आर्डिस म्हणाली. "लाटणं धरवत नाही. काठी हातातून सुटते. तीनदा करून बघितली, तिन्ही वेळा जमिनीवर. लोकांनी वाहवा केली, ती मी ऐकून घेतली. ऑर्विललासुद्धा सांगितलं नाही. घरीही तीच वाढते त्याला. अपघाताच्या दिवशी गाडी घेऊन बाजारात जा, असं त्यानेच सांगितलं होतं मला. त्याला कळलं तर तो स्वतःला खात बसेल."

तिसऱ्या बाकावरून तिचा नवरा ऑर्विल उठला. टोपी हातात.

"मला ठाऊक आहे गं, आर्डिस. दुकानाच्या पिशव्या कचऱ्याच्या तळाशी दाबतेस. दर गुरुवारी कचरा बाहेर कोण नेतं?"

"हरकत आहे!" डाना ओरडली.

"हरकत मान्य," जजसाहेब म्हणाले, पण आधी चष्मा काढून सावकाश पुसून झाल्यावर. "बर्गुम, खाली बसा. पंचांनी हे ऐकलंच नाही असं समजावं."

ऑर्विल बसला नाही. रुमाल काढत तो सरळ साक्षीदाराच्या पिंजऱ्यापाशी गेला. त्याला अडवायचं काम ज्याचं, तो शिपाई खिडकीबाहेर बघत राहिला.

"अरे बस ना खाली, लोक बघतायत," आर्डिस म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "दुखतं रे. फार दुखतं."

दोन वर्षांत तिने हे पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हटलं ते पंचांना नव्हे. गेलन आपल्या खुर्चीत बसला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

पंचांनी पाऊण तासात तिच्या बाजूने कौल दिला. बाहेर येऊन ऑर्विल तिच्या निकामी हातावर कोटाची बाही चढवत होता, आणि गेलन तिची पर्स धरून उभा होता.

"आता खरं सांग," आर्डिस ऑर्विलला म्हणाली. "चांगली होती का रे ती विकतची?"

"भिकार होती," ऑर्विल म्हणाला. "पण तू वाढत होतीस ना."