गल्ली नंबर नऊचा रॅप

माझी सुगंधा आठ वर्षांची असताना तिला टायफॉईड झाला. ताप उतरला, पण बोलणं गेलं. दीड महिना पोर नुसती बघायची. पाणी हवं असलं की माठाकडे बोट, भूक लागली की माझा पदर. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, येईल हळूहळू. आम्ही तेव्हा सोनगीरला होतो. मी महादेवापुढे बसले आणि म्हटलं, हिला बोलती कर, मी दर सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही.

तिसऱ्या सोमवारी मी भाकरी थापत होते. मागून आवाज आला, "माय, भूक लागनी."

उत्तर देता येत नव्हतं. पिठाच्या हातांनी तिला पोटाशी धरलं आणि संध्याकाळपर्यंत तशीच तिच्याकडे बघत राहिले.

त्याला अकरा वर्षं झाली. पुढे आम्ही जळगावला आलो, पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. हे धुळ्याच्या डेपोत ड्रायव्हर, आठवड्याला एकदा घरी. माझा सोमवार अख्ख्या कॉलनीला पाठ. दुकानदारसुद्धा त्या दिवशी मला काही विचारत नाही, नेहमीचं सामान बांधून देतो. फारच अडलं तर माझ्याजवळ एक पाटी असते, तिच्यावर लिहिते. बाकी रोजचं म्हणजे पोथीचा अध्याय, तुळशीला पाणी, मुंग्यांना साखर, मग चहा. या नेमांनी मला फार सांभाळलं.

सुगंधा मात्र बोलायला लागली ती थांबलीच नाही. कॉलेजात गेली आणि बोलण्याचा वेग आणखी वाढला. चौऱ्याण्णव साली शेजारच्या पुष्पाबाईंकडे केबल आली. तिथं तिनं ते रॅप पाहिलं. मीही एकदा पाहिलं. परदेशातली पोरं, टोप्या उलट्या, कॅमेऱ्याकडे बोट रोखून भांडत होती. सूर नाही, ताल मात्र पक्का.

"हे गाणं आहे का?" मी विचारलं.

"गाणंच शे आई. त्यांच्या वस्तीत पोलीस येऊन मारतात, कुणी ऐकून घेत नाही. मग ते असं सांगतात."

"मग सरळ सांगावं की."

"सरळ सांगितलेलं कोन ऐकस?" ती म्हणाली आणि हसली.

त्या पावसाळ्यात आमच्या गल्ली नंबर नऊला चार दिवसांआड पाणी यायचं. गल्ली नंबर एकमध्ये रोज, कारण तिथं आमचे नगरसेवक रुपचंदशेठ राहायचे. बायका तीनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. चहा मिळाला, पाणी नाही. सुगंधानं रिकामा हंडा पालथा घातला, बोटातल्या अंगठीनं त्यावर ताल धरला आणि आपल्या खानदेशी बोलीत रॅप बांधला:

गल्ली नंबर एकना नळले रोज पानी,
गल्ली नंबर नऊमा नुसती कहानी.
भाऊ सांगस येस, भाऊ सांगस येस,
चार दिन व्हयनात, हंडा वाट देखस.

यातले 'भाऊ' म्हणजे रुपचंदशेठ, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. हे ती गणपतीत म्हणणार होती, कॉलनीच्या मांडवात, चौथ्या दिवशी. त्या दिवसाचे प्रमुख पाहुणे रुपचंदशेठ.

खरं सांगते, मला ते आवडलं नव्हतं. देवापुढे हंडा बडवायचा आणि माणसाला समोर बसवून टोमणे मारायचे, हे मनाला लागत होतं. मी तिला म्हटलं, "भजन म्हण एखादं. तुझा गळा चांगला आहे."

"भजनाने पानी येत असतं तर आपल्या गल्लीत धरण झालं असतं," ती म्हणाली.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी लीलाधरभाऊ घरी आले. हे आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. हायस्कुलातून निवृत्त झालेले, सज्जन माणूस. आम्ही इथं नवीन होतो तेव्हा रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं त्यांनीच करून दिलं. त्यांनी एक पत्रक आणलं होतं. 'संस्कृती रक्षण समिती, पिंप्राळा' असं वर लिहिलेलं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं. परकीय संगीताचं आक्रमण, केबलमुळे बिघडत चाललेली तरुण पिढी, गणरायासमोर रॅप नको, अशा अर्थाचं.

"अक्का, तुमच्या मुलीवर माझा राग नाही," ते म्हणाले. "पण आज ही करेल, उद्या दुसरी पोरं काहीही आणतील. त्या परदेशातल्यांची भांडणं आपल्या मांडवात कशाला? तुमचं नाव खाली घालू ना? तुमच्या नावाला वजन आहे."

माझा सोमवार होता. पाटी हाताशी होती, खडूही होता. 'नको' हा दोन अक्षरांचा शब्द. मी तो लिहिला नाही. हो म्हणूनही मान हलवली नाही. नुसती हात जोडून बसले. लीलाधरभाऊंनी तेवढ्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं, आणि ते तसं समजतील हे मला आत कुठंतरी माहीत होतं. आजवर माझ्या मौनाची मला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटली, पण मी ती पोथीखाली दाबून टाकली.

आठवड्यानं पत्रक छापून घरोघर गेलं. पाठिंबा देणाऱ्यांत चौथं नाव माझं. सुगंधानं ते वाचलं, घडी केली आणि देवघरात ठेवलं. मला एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जेवायला बसली की नुसतं ताट बघायची. आठ वर्षांची असताना बघायची तसं.

मी दोनदा सांगायला गेले. "सुगंधा, मी सही केली नाही गं."

ती वही घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

शेवटच्या श्रावण सोमवारी देवळाच्या सभामंडपात साडेपाचला कॉलनीची बैठक ठेवली. कार्यक्रम ठरवून पत्रिका छापायला द्यायची होती. तीस-पस्तीस माणसं जमली. बायका एका अंगाला, त्यांत मी. सुगंधा दाराशी उभी होती. मी मनात हिशेब केला, दिवेलागणीला तासभर आहे, चर्चा लांबेल, मग मी बोलेन.

चर्चा लांबली नाही. लीलाधरभाऊंनी पत्रक वाचलं. रुपचंदशेठचा भाचा म्हणाला, "मामांना बोलवायचं आणि मांडवात त्यांचीच टिंगल करायची, ही कुठली रीत?"

पुष्पाबाईंनी पदर खोचला. "आखाजीले आम्ही बायका काय गातो मग? लीलाधरभाऊ, तुमच्या सासूबाईंच्या नावानं मी झोक्यावर बसून काय काय गायले, विसरले का? त्या स्वतः टाळ्या वाजवत होत्या."

माणसं हसली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायकांनी झोक्यावर टोमण्यांची गाणी म्हणायची ही आमच्याकडची जुनी रीत. लीलाधरभाऊही ओशाळून हसले. "आखाजी वेगळी, वहिनी. ते आपलं आहे. हे बाहेरून आलेलं. आणि मी एकटा म्हणत नाही. खुद्द तिच्या आईनं नाव दिलंय. सोमवारचं व्रत अकरा वर्षं पाळणारी बाई. त्यांना कळत नाही का, देवापुढे काय शोभतं ते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुगंधाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती.

"कुणाची हरकत नसेल तर तो कार्यक्रम रद्द समजू," लीलाधरभाऊ म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

समोरच्या भिंतीवर ऊन अजून कमरेएवढं होतं. पाटी मी घरी विसरले होते. मला एवढंच दिसत होतं की हिचं बोलणं मी या मौनावर मागून घेतलंय. मौन मोडलं तर ज्यानं दिलं तो परत घेईल. आणि नाही मोडलं तर तिचं बोलणं मीच घेतल्यासारखं होईल.

"माझं नाव काढा," मी म्हटलं.

दिवसभर न वापरलेला आवाज, घोगरा निघाला. पुष्पाबाईंनी माझा हात धरला. "अक्का, सोमवार शे वं."

"माहीत आहे," मी म्हटलं. आता तुटलंच होतं, तर नीट सांगावं. "भाऊ, तुम्ही विचारलं तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं. पाटी जवळ होती. मी मौनाच्या आड लपले. चूक तुमची नाही, माझी आहे. हे गाणं मला आवडत नाही, अजूनही नाही. पण त्यात खोटं काही नाही. पाणी येत नाही म्हणजे येत नाही. तिला म्हणू द्या."

लीलाधरभाऊ पेन हातात धरून उभे होते. गाण्यापेक्षा त्यांना माझा सोमवार मोडल्याचा जास्त धक्का बसला होता. त्यांनी पत्रकावरचं माझं नाव खोडलं. मग पत्रकच घडी करून खिशात टाकलं. "ठीक आहे, म्हणू द्या," ते म्हणाले. भाचा काहीतरी बोलत होता, पण बायका उठून आरतीच्या तयारीला लागल्या होत्या.

घरी येताना सुगंधा माझ्याबरोबर चालली. बोलली नाही. कोपऱ्यावर आल्यावर माझ्या हातातली पिशवी तिनं घेतली.

शुक्रवारी गणपती बसले. शनिवारी सकाळी सुगंधा उठली ती घसा धरून. आवाज फुटेना. नुसती हवा निघत होती.

माझ्या हातातला तांब्या खाली ठेवावा हे मला सुचेना. ती खुणेनं सांगत होती, पावसात भिजले, सर्दी आहे. मला ती आठ वर्षांची दिसत होती. मी हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं, गुळण्या करायला लावल्या आणि देवापुढे जाऊन बसले. मागायला तोंड नव्हतं. मी करार मोडला होता. नुसतं म्हटलं, माझी शिक्षा माझ्याकडे पाठव.

दुपारी लीलाधरभाऊ आले. पुष्पाबाईंनी त्यांना सांगितलं असणार. चपला काढून दाराशीच उभे राहिले.

"अक्का, व्रत तुमचं मोडलं, पण मोडलं माझ्या बैठकीत," ते म्हणाले. "येता सोमवार तुमच्याबरोबर मीही धरतो. पहाटेपासून झोपेपर्यंत. मोडला त्याच्या दुप्पट भरून निघेल."

"भाऊ, तुम्हाला जमेल का?"

"घरात बायको आनंदानं साखर वाटेल," ते म्हणाले. मग गंभीर झाले. "गाणं मला पटलेलं नाही हं. तेवढं लक्षात ठेवा."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते मागं सरकले. पण त्या दिवसापासून मी रोज देवाला हात जोडते तेव्हा त्यांचं नाव घेते. ज्या माणसाशी आपलं पटत नाही त्यानं आपलं ओझं उचलावं, असं नशीब कितीजणांना मिळतं?

सोमवारी सकाळी सुगंधाला थोडा आवाज आला. कोंबडीसारखा. ती माझ्याजवळ येऊन बसली. मी मौनात. ती फाटक्या आवाजात म्हणाली, "आई, गाण्यात दोन ओळी तुझ्यावर होत्या. पत्रक आलं त्या दिवशी लिहिलेल्या. मी त्या काढून टाकल्या."

मी पाटी घेतली. लिहिलं, 'काय आहेत?'

तिनं खाली बघत म्हणून दाखवल्या. मी ऐकल्या. पाटी पुसली. मग लिहिलं, 'ठेव.'

"लोक तुझ्याकडे बघतील."

मी तोच शब्द पुन्हा गिरवला.

संध्याकाळी सातला मांडव भरला. दिवा लावून माझा सोमवार सुटला होता. लीलाधरभाऊ मात्र पहिल्या रांगेत ओठ मिटून बसले होते, आणि पोरं मुद्दाम जाऊन त्यांना वेळ विचारत होती. रुपचंदशेठांना हार घातला. त्यांच्या शेजारीच हंडा पालथा ठेवला होता. त्यांनी त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

सुगंधा आली. साधी सलवार-कमीज, वेणी घातलेली. टोपी उलटी नव्हती. तिनं अंगठीनं ताल धरला आणि सुरू केलं. आवाज फाटलेला होता, कडेला चिरा पडलेल्या. पहिल्या ओळीला तो अडकला. दुसऱ्या ओळीला निघाला. 'भाऊ सांगस येस, भाऊ सांगस येस' ला मागच्या बायका तिच्याबरोबर म्हणायला लागल्या, आणि रुपचंदशेठ हसले, दुसरं काय करणार. हसता हसता रुमालानं मान पुसत होते.

मग ताल थोडा थांबला. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

मखरमा देव मुका, घरमा माय मुकी,
सांगा मंग पानीसाठे बोलाले कोन बाकी?

माना वळल्या. पुष्पाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं लाज वाटेल. वाटली थोडी. पण त्याहून जास्त मला त्या आवाजाचं वाटत होतं. दीड महिना एका शब्दासाठी मी देवाच्या पाया पडत होते. हिचा आवाज मागितला होता, त्यानं काय बोलावं ते मागितलं नव्हतं. देणाऱ्यानं हात आखडला नाही. फाटका, बसलेला, माझ्याविरुद्ध, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज मी ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं, उपकार झाले, महादेवा, फार उपकार झाले.

शेवटची ओळ झाल्यावर ती खाली आली आणि माझ्याजवळ बसली. घसा पूर्ण गेला होता. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "माय, पानी."

पुष्पाबाईंनी घरून तांब्या भरून आणला होता. मी तो तिच्या हातात दिला.